काळी फिल्म

शेजारी नव्याने राहायला आलेल्या वहिनी सकाळीच दारात आल्या. "जुना एक्स-रे आहे का हो? ग्रहण बघायचंय."

कपाटात दोन होते, दोन्ही ह्यांच्या छातीचे. एक करोनाच्या पहिल्या लाटेतला. तळाशी थोडे पांढरे डाग, बाकी काळाभोर. त्यातून हे घरी आले. दुसरा पुढच्या वर्षीचा, विषाणूने रूप बदलल्यानंतरचा. तो वरपर्यंत पांढरा. त्यातून हे उठले नाहीत.

वहिनींनी दोन्ही खिडकीशी धरून पाहिले. "पांढऱ्यातून ऊन थेट डोळ्यात येतंय. काळाच नेते."

त्या गच्चीवर गेल्या आणि पांढरा माझ्या हातात राहिला. काळी दिसते ती हवा, पांढरा तो न्यूमोनिया, असं डॉक्टर म्हणाले होते. एक्स-रे काढताना श्वास रोखून धरायला सांगतात. म्हणजे वहिनी आता ज्यातून सूर्य बघत असतील, तो ह्यांनी रोखून धरलेला श्वास. दुसऱ्या खेपेला तो ह्यांना धरताच आला नव्हता.

मला राहवेना. जिन्यातूनच हाक मारली, "वहिनी, बघून झालं की लगेच द्या. ओरखडा पडू देऊ नका."

"अहो, जुनाच तर आहे," त्या वरून म्हणाल्या.