गालावरचा वांग

नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात नोकरीला असताना कंपनीने मला काही महिन्यांसाठी मेक्सिकोला पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी गावात उगाच भटकत असताना एका उघड्या दारातून शाईचा वास आला, म्हणून आत डोकावलो. पांढऱ्या केसांची एक चित्रकार बाई लोखंडी यंत्राचं मोठं चाक फिरवत होती. तिने खालचा ओलसर कागद अलगद सोलून उचलला, आणि तांब्याच्या पत्र्यावरची रेघन् रेघ त्यावर उतरलेली दिसली. रंगीत एचिंग मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, त्या ॲसिडने खोल करायच्या, शाई भरून छापायच्या; आणि जवळजवळ प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा.

चित्रात एक बाई गुडघे टेकून पाट्यावर मका वाटत होती. शेजारी तवा, मागे निवडुंग. मला लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातलं आमचं घर आठवलं. ते चित्र मी घेऊनच आलो.

लोणावळ्याच्या फ्लॅटमध्ये ते लावलं तेव्हा बायको म्हणाली, "लोक परदेशातून अत्तरं आणतात!" आई कुरवंड्याहून आली, ती मात्र चित्रासमोरून हलेना.

"ही कुटली रं?"

"मेक्सिकोची."

"आन् अशी गुडघ्यावर का बसलीय? गुडघं जातील बयेचं."

मग मला नादच लागला. माझा एक सहकारी मेक्सिकोतच राहिला होता. तो इकडे आला की त्याच चित्रकार बाईचं एखादं चित्र नळकांड्यात गुंडाळून आणायचा. कधी बाजार, कधी गाढव, कधी गच्चीवर वाळत घातलेले कपडे. दुसऱ्या कुणाची चित्रं मी कधी घेतली नाहीत. मला चित्रकला कळत नाही. ती बाई कळते, असं वाटायचं. नवं चित्र आलं की आईला आधी दाखवायचं, हे ठरूनच गेलं. बाजारातली टोपलीवाली ही पाट्यावरच्या बाईची धाकटी बहीण, हे नातं तिनेच जुळवलं.

पण लोणावळ्याची ओल कुणाला सोडते! एका पावसाळ्यात पाट्यावरच्या बाईच्या गालावर तपकिरी ठिपके उठले. माझा जीव कळवळला. पुण्यात जुने कागद दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, डाग फिका होईल, पण गालाचा रंगही उतरेल. काय करावं ते न सुचून चित्र तसंच परत आणलं.

आईने चष्मा लावून पाहिलं. "डाग न्हाई त्यो. वांग हाय. या वयात येतोच बाईला." आणि आपल्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो बघ. मी पुसाय गेले का कुटं?"

इतकी वर्षं तिच्यासमोर जेवलो, आणि तो वांग मी त्या दिवशी पाहिला.

काही दिवसांनी सहकाऱ्याने त्या चित्रकार बाईच्या कामाच्या जागेतून व्हिडिओ कॉल लावला. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. डागाचं कसं सांगावं म्हणून मी चाचरत होतो. आईने फोनच ओढून घेतला. "बाई, तुमच्या बाईला वांग आलाय. पर बरी हाय."

सहकाऱ्याने ते तिच्या भाषेत सांगितलं. ती खो खो हसत सुटली आणि आपला गाल फोनला अगदी चिकटवला. तिलाही होता! मग म्हणाली, आता नवी प्रत निघणार नाही, छपाई संपल्यावर पत्रे मुद्दाम ओरखडून टाकतात. पण माझ्याकडे माझी स्वतःची प्रत आहे, ती पाठवते.

"नको, नको," आई म्हणाली. "हीच आता घरची झाली. तुमच्याकडं कोंबडी हाय का?"

कोंबडीचं चित्र तिने कधी काढलं नव्हतं.

"कोंबडीबिगर कसलं वं घर?" आईने विचारलं. सहकारी हसत हसत सांगत होता, आणि ती बाई गंभीरपणे मान डोलावत होती.

पुढच्या खेपेला नळकांड्यातून कोंबडी निघाली. लालभडक, पाय जरा जास्तच लांब. आईने ती सगळ्या बाजूंनी न्याहाळली. "अंड्यावरची न्हाई ही. पर तोरा बघ की!"

मला ती माझ्या संग्रहात फार हवी होती. पण आईने ती कधीच पिशवीत घातली होती, आणि कुरवंड्याला जायला पदर खोचून उठलीही होती.