फॉल्टमावशी

फॉल्टमावशींनी फोन उचलून 'हॅलो' म्हटल्याचे कोणाला आठवत नाही. पलीकडे जावई असो, गॅसवाला असो की देवळातले गुरुजी, त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे : "बोला, काय ऐकू येत नाही?" उभी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात केली होती. कानाला लावलेल्या जड काळ्या रिसीव्हरमधून अर्ध्या पुण्याची खरखर, गुणगुण आणि मुकेपण त्यांनी ऐकले होते. पुढे फोन लोकांच्या खिशात गेले, तक्रारी कुठल्याशा दूरच्या शहरात नोंदवल्या जाऊ लागल्या. मावशींचा प्रश्न मात्र बदलला नाही.

निवृत्तीनंतर घरी बसणे त्यांना मानवले नाही. सिंहगड रस्त्यावर त्यांच्या भावाचे पत्र्याच्या शेडमधले दुकान होते. गाड्यांचे वायरिंग, दिवे, हॉर्न अशी कामे तिथे होत. "मी नुसती बसायला येते," म्हणून मावशी तिथे जाऊ लागल्या आणि थोड्याच दिवसांत भाऊ नुसता बसायला येऊ लागला. सुती पातळ, कमरेला घट्ट खोचलेला पदर, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. जवळ गेले की सोल्डरच्या राळेचा आणि वेखंडाचा मिसळलेला वास येई. आजही कुठे तापलेली राळ दरवळली की त्या मागे उभ्या आहेत असे वाटून मी वळते.

त्यांच्या दुकानात एकच नियम होता : तक्रार सांगायची, निदान सांगायचे नाही. एकदा माझ्यासमोरच हिंजवडीचा एक तरुण ऐटीत म्हणाला, "मावशी, बॅटरी डेड झालीये."

"मग बॅटरीच्या दुकानात जा. इथं कशाला आलात?"

"नाही, म्हणजे... सकाळी गाडी स्टार्टच होत नाही."

"ही झाली तक्रार. बसा. स्टुलाचा डावा पाय हलतो, बेतानं बसा."

विनय नावाचा गुण त्यांच्याजवळ नव्हता आणि त्याची त्यांना उणीवही भासत नसे. "तारेतला दोष शोधणारी माझ्यासारखी दुसरी बाई पुण्यात नाही," असे त्या सांगत, वर शांतपणे पुस्ती जोडत, "पुण्याबाहेरची चौकशी मी अजून केलेली नाही." बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून त्या मीटर, चिमटे, नळ्या भाजीसारख्या पारखून आणत. इंजिनाच्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरही त्यांनी तिथूनच आणला होता. मखमली बटव्यात ठेवलेल्या त्या यंत्राला त्या नातवंडासारखे जपत. "हा खोटं बोलत नाही," त्या म्हणत. "पण ह्याला जेवढं ऐकू येतं, तेवढंच हा सांगतो. आपल्यासारखाच आहे."

माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, खडकवासल्याच्या वाटेवर रोपवाटिका आहे. मी कॉलेजात कविता शिकवते. ताई माती शिकली. रोपांच्या वाहतुकीसाठी दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घेतलेला एक ट्रक तिच्याकडे आला होता. दादांनी त्याच ट्रकवर तिला गाडी चालवायला शिकवले होते. त्याच्या केबिनमध्ये ओल्या शेणखताचा, मोगऱ्याचा आणि डिझेलचा असा एक वास मुरला होता, की डोळे मिटले तरी आपण कोणाच्या घरी आलो आहोत हे समजावे. दादा गेल्यावर दुसरी गाडी घे असे सर्वांनी सुचवले. ताई एवढेच म्हणे, "हा चालतोय तोवर चालू दे."

आणि एका दसऱ्यानंतर तो चालेनासा झाला. म्हणजे सुरू होई. सेल मारताच एका हाकेत उठे. पण भर रहदारीत वळण घेताना अचानक गप्प होई. इंजिनाचा दिवा लागे, स्कॅनर लावला की कोड निघे. पहिल्यांदा एक्सलरेटरच्या पेडलचा कोड आला. गॅरेजवाल्याने पेडल बदलले. मग इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा आला, तो बदलला. मग इंधनाच्या दाबाचा. यंत्र नाव घेईल त्याला तो बिचारा घरी पाठवत होता आणि नवा आरोपी हजर होत होता. शेवटी पुलाजवळच्या वळणावर, मागे भरलेली बस कर्कश हॉर्न वाजवत असताना, ट्रक ताईच्या हाताखाली विझला. ज्या ट्रकने तिला रस्त्याची भीती घालवायला शिकवले, त्याचीच तिला भीती वाटली होती.

हिंजवडीतल्या एका नव्या वसाहतीने तिच्याकडून बकुळीची वाढलेली झाडे मागवली होती. "झाडं भाड्याच्या गाडीनं जातील," ताई म्हणाली. "शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय." हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी फॉल्टमावशींना फोन लावला.

"बोला, काय ऐकू येत नाही?"

"मावशी, ताईचा ट्रक..."

"निदान नको."

"वळणावर बंद पडतो."

मग त्यांनी विचारले, "फक्त वळणावर? छान. येते."

त्या आल्या शनिवारी सकाळी, आणि पाठोपाठ भंगारवाले मामाही आले. मामांनी टायरला पाय लावून पाहिला, बॉनेटवर थाप दिली. "इंजिनात जीव हाय, ताई," ते म्हणाले, "पन डोकं फिरलंया ह्याचं."

"डोकं फिरलेली माणसं पुण्यात मोडीत काढायची म्हटली, तर तुमची जागा पुरायची नाही," मावशी म्हणाल्या. "बसा. चहा घ्या. घाई तुम्हालाही नाही आणि ट्रकलाही नाही."

मग त्या ताईकडे वळल्या. "सुनंदा, वळताना तू काय काय करतेस ते सांग. ट्रक काय करतो ते नको."

ताई गोंधळली. "काय म्हणजे? ब्रेक दाबते. इंडिकेटर लावते. स्टिअरिंग फिरवते."

"हं. कवितेबाई, तुम्ही आत बसा. मात्रा मोजता ना वर्गात? इथं मोजा."

मी केबिनमध्ये चढले. इंजिन सुरू होते. आसनातून त्याची घरघर मणक्यापर्यंत येत होती. खालून मावशींचा हुकूम आला तसे मी हेडलाइट लावले, पंखा लावला, ब्रेक दाबून धरला आणि इंडिकेटर चालू केला. टिक, टिक, टिक. पण त्या ठेक्यात एक लचक होती, गाणाऱ्याचा श्वास अपुरा पडावा तशी. मी समोर पाहिले. डिझेल दाखवणारा काटा प्रत्येक ठोक्याला दचकत होता. टिक वाजली की तो जरासा खाली पडे, मग सावरे. पुन्हा टिक, पुन्हा दचकणे. डॅशबोर्डावरचे दिवेही त्याच लयीत पापण्या मिटत होते. "मावशी," मी खिडकीतून म्हणाले, "इंडिकेटरच्या तालावर डिझेलचा काटा नाचतोय."

"इंडिकेटर डिझेल पितो का?"

"नाही."

"मग काट्याचा त्याच्याशी काय संबंध?" त्यांचा चेहरा उजळला होता. पदराने चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एकदा एका गल्लीतले सगळे फोन एकदम खरखरायला लागले. प्रत्येकाला नवं यंत्र हवं होतं. यंत्रं सगळी धडधाकट होती. सगळेच एकदम तक्रार करायला लागले ना, तर तक्रार करणाऱ्यांची तोंडं बघू नयेत. सगळे ज्या फरशीवर उभे आहेत ती फरशी बघावी."

दिवे, काटे, सेन्सर, इंजिनाचे सारे काम सांभाळणारा संगणक, या सगळ्यांतून वाहिलेली वीज चासीच्या लोखंडातून बॅटरीकडे परतते, हे त्यांनी आम्हाला समजावले. परतीची ती वाट म्हणजे अर्थिंग. ती अडली की दिव्यांचा भार वाढताच सगळ्यांचे पाय डळमळतात आणि संगणक, ज्याचा पाय आधी डळमळेल, त्याचे नाव घेतो. सेल मारणारी जाड तार चासीला वगळून थेट इंजिनाला होती, म्हणून ट्रक झटक्यात सुरू होई आणि कोणाला शंका येत नसे. मावशी कॅनव्हासच्या बुटांनिशी ट्रकखाली वाकल्या. चासीतली वीज परत नेणारी, तिला बोल्टने आवळलेली, वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी त्यांनी बोटाने दाखवली. पट्टी जागच्या जागी होती. बोल्ट घट्ट होता. सगळे कसे देखणे, काळे, चकचकीत होते.

"हा रंग कोणी दिला?"

"मी," ताई म्हणाली. तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. "दरवर्षी दसऱ्याला पूजेआधी दादा चासी रंगवायचे. ह्या वर्षी पहिल्यांदा मी रंगवली. मन लावून. सगळे बोल्ट काढून, खालचा गंज घासून, प्रत्येकाच्या खालीसुद्धा दोन हात दिले."

मावशींनी बोल्ट सोडवला, पट्टी बाजूला केली. तिच्याखाली गुळगुळीत, अखंड, प्रेमाने दिलेला रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून ती कशीबशी वाट काढत होती. आट्यांना गंज चढला तशी तीही वाट बुजत गेली.

"आळशी रंगाऱ्याकडून हा बिघाड झालाच नसता," मावशी म्हणाल्या. "त्यानं वरूनच ब्रश फिरवला असता. हा फॉल्ट करायला माया लागते, सुनंदा."

ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मावशींनी तिच्या हातात काचकागद दिला. "रंग तू दिलास, तूच काढ." ताई घासू लागली. काळ्याखालचे तपकिरी, तपकिरीखालचे राखाडी, आणि मग एकदम चांदीसारखा लखलखीत लोखंडाचा तुकडा, रुपयाएवढा. पट्टी पुन्हा आवळली. मी वर जाऊन सगळे दिवे लावले, पंखा लावला, ब्रेक दाबला. टिक, टिक, टिक. ठेका आता निर्दोष होता, आणि काटा समाधी लागल्यासारखा स्थिर.

भंगारवाले मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजी आमचं काय काम न्हाय हितं."

"आहे ना," मावशी म्हणाल्या. "बकुळी चढवायला हात लावा."

आणि त्यांनी लावला. मुळांना ओले गोणपाट बांधलेली झाडे हौद्यात उभी राहिली. ताई स्टिअरिंगवर, मधे मी, आणि खिडकीशी मावशी, एखाद्या सेनापतीच्या थाटात. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीत आम्ही शिरलो तेव्हा ताईची बोटे पांढरी पडली होती. "तो चौक दिसतोय ना? पूर्ण फेरी मार," मावशींनी फर्मावले. ताईने ब्रेक दाबला, इंडिकेटर लावला, वळली. ट्रक घुमत राहिला. "अजून एक." मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मावशींनी खिडकीतून डोके काढून विचारले, "बोला, काय ऐकू येत नाही?" ताई खळखळून हसली, आणि मी पाहिले, तिची बोटे सैल झाली होती. मागे बकुळीची पाने साऱ्या हिंजवडीच्या डोक्यावरून सळसळत होती.

गेल्या वर्षी फॉल्टमावशी गेल्या. झोपेतच, कुठलीही तक्रार न करता. त्यांचा स्कॅनर भावाने ताईला आणून दिला; तो अजून त्याच बटव्यात असतो. वसाहतीतल्या बकुळी आता बहरतात, आणि संध्याकाळी कामावरून परतणारी मुले तिथली फुले वेचून खिशात घालतात. ट्रक चालतो आहे.

दसऱ्याला ताई आजही चासी रंगवते, बोल्ट सोडवून, गंज घासून, मन लावून. झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. फक्त त्या एका बोल्टाखालची रुपयाएवढी जागा ती कोरडी, उघडी ठेवते. काचकागदाने उजळते, पट्टी आवळते, शेजारी हळदीकुंकवाचे बोट टेकवते. मग सेल मारून दिवे लावते, इंडिकेटर चालू करते, आणि आम्ही दोघी काट्याकडे पाहतो.

तो हलत नाही.