मलाझमधला ऊद

रियाधच्या विमानतळावर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्यानं माझी लाकडी बासरी उलटसुलट करून पाहिली. "नाय?" (अरबी बासरी) त्यानं विचारलं. मी ती आडवी धरून दाखवली. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात वाजायची तशी ही बासरी, भोक झाकायला एकच चावी असलेली. त्याला यातलं काहीच सांगायची गरज पडली नाही. "वाजवा," तो म्हणाला. मी चार स्वर फुंकले. मागच्या रांगेतल्या केरळी बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि "यल्ला!" (चला) म्हणत त्यानं मला सोडलं.

बाहेर ताई आणि भावजी उभे होते. सतरा वर्षं रियाधच्या एका कंपनीत हिशेब सांभाळल्यावर भावजींची जागा आता सौदी माणसाला मिळणार होती. तसा नियमच झाला होता, आणि ओळखीतल्या कितीतरी घरांतून खोकी बांधली जात होती. परतण्यापूर्वी घरी एक मैफल व्हावी, मी बरोक, म्हणजे त्या जुन्या युरोपीय काळातलं, संगीत वाजवावं, ही भावजींची हौस. म्हणून मी पुण्याहून आले होते.

रियाधच्या मलाझ भागातल्या त्यांच्या घरात अर्धं सामान भिंतीला टेकवून ठेवलेलं. ताईनं थालीपीठ वाढलं आणि पहिल्याच घासाला सांगितलं, "फैसलचं नाव या घरात काढायचं नाही."

फैसल म्हणजे भावजींच्या जागी येणारा मुलगा. गेले काही महिने भावजीच त्याला काम शिकवत होते.

"खुर्ची त्यानं नाही घेतली गं," भावजी म्हणाले.

"मग बसणार कोण आहे तिच्यावर?"

भावजींनी लोणच्याची बरणी पुढे ओढली.

माझी अडचण वेगळीच होती. माझ्या बासरीचा सूर आजच्या पियानोपेक्षा अर्ध्या स्वरानं खाली. शेजाऱ्यांचा पियानो त्यामुळे निरुपयोगी. भावजींच्या ओळखीच्या एका डच इंजिनिअरकडे, पूर्व किनाऱ्यावरच्या रास तनुराला, हार्प्सिकॉर्ड होतं. पियानोच्या आधीचं हे वाद्य, यात तारा हातोडीनं ठोकल्या जात नाहीत, छेडल्या जातात. त्यानं ते हातानं जुळवलं होतं आणि आनंदानं देऊ केलं होतं. संगीतकारानं ज्या वाद्यासाठी लिहिलं त्याच वाद्यावर ते वाजलं पाहिजे, असं मी पुण्यातल्या विद्यार्थ्यांना बजावत आले आहे. तेव्हा आम्ही तिघं निघालो.

वाळू, विजेचे खांब, मध्येच उंटांचा कळप. एका पेट्रोल पंपावर वेलचीचा दाट करक चहा घेतला. गाडी ताई चालवत होती. "इथं बायकांना गाडी चालवायला मिळाली नि आता निघायची वेळ आली," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. पुढं हवा दमट झाली, क्षितिजावर तेलाच्या टाक्या दिसू लागल्या आणि त्यांच्यामागे निळा समुद्र.

तिथं हार्प्सिकॉर्ड न्यायला पिकअप घेऊन भावजींचे मित्र दाऊदभाई आले होते. मूळचे श्रीवर्धनचे. "आधी जेवा, मग वाजंत्री," म्हणत त्यांनी आम्हाला घरी नेलं. हमूर माशाचं कोकम घातलेलं सार आणि तांदळाची भाकरी. ताईनं तीनदा सार मागून घेतलं.

डच इंजिनिअर दारातच पडलेल्या चेहऱ्यानं उभा होता. हार्प्सिकॉर्डचं झाकण उघडलं तर आतली पातळ फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकलेली. एसीच्या कोरड्या हवेनं घात केला होता. मी एक पट्टी दाबली. डब्यात माशी अडकावी तसा आवाज आला.

"मग कार्यक्रम रद्द," मी म्हणाले.

"का?" इंजिनिअर म्हणाला. "तुझ्या बासरीखाली संगीतकारानं नुसती खर्जाची ओळ लिहिली आहे. हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन, ल्यूट, ज्याच्याकडे जे असेल त्यानं ती वाजवायची. त्या काळी असंच चालायचं."

हे मला ठाऊक होतं, अडचणीच्या वेळी ते आठवायचं मात्र राहून गेलं होतं.

"ल्यूट इथं कुठून आणणार?"

भावजींनी घसा साफ केला. "ल्यूट म्हणजे मूळचा अरबांचा ऊदच ना? फैसल ऊद वाजवतो."

दाऊदभाई रिकाम्या पिकअपकडे बघत राहिले.

परतीच्या वाटेवर ताई रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाली, "तिखट खातो का तो?"

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दार ताईनंच उघडलं. बाहेर पांढऱ्या थोबमधला (पायघोळ अंगरखा) सडपातळ मुलगा, एका हातात ऊद, दुसऱ्या हातात खजुराचा डबा.

"मला वाटलं होतं, तुम्ही दार उघडणार नाही," तो इंग्रजीत म्हणाला.

"माझाही तोच विचार होता," ताई म्हणाली. "आत ये. उन्हात उभा राहू नकोस."

माझा सूर ऐकून फैसलनं खुंट्या पिळून तारा अर्धा स्वर उतरवल्या. संपला प्रश्न! खर्जाची ओळ भावजींनी त्याला आठवडाभर आधीच दिली होती, आम्हाला न सांगता. संथ भागात ऊदचा घुमारा बासरीखाली असा पसरला की मी श्वास घ्यायची जागा चुकले. मधूनच तो एखादा स्वर अरबी पद्धतीनं किंचित वाकवायचा. कागदावर ते नव्हतं. मी डोळे वटारले, तो हसला आणि पुन्हा तेच केलं. द्रुत भागात मात्र तो वाट चुकला, मी पुढे, तो मागे, आणि शेवटी दोघंही थांबलो. "खलास!" (संपलं) फैसलनं हात वर केले. सगळ्यात आधी ताई हसली. पंगतीत तिनं त्याला पुरणपोळीवर आग्रहानं तूप वाढलं, आणि भावजी उगाचच दोनदा पाणी आणायला उठले.

पुण्यात परतल्यावर पहिल्याच तासाला एका विद्यार्थिनीनं विचारलं, ही खर्जाची ओळ नेमक्या कुठल्या वाद्यासाठी लिहिली आहे? पूर्वी मी एका शब्दात उत्तर दिलं असतं. आता म्हणाले, संगीतकारानं वाद्याचं नाव लिहिलं नाही, वाजवणाऱ्यावर विश्वास टाकला. बासरी लाकडीच हवी, हा माझा हट्ट मात्र कायम आहे, हेही सांगितलं. ती विद्यार्थिनीही माझ्याकडे बघून हसली.

त्याच आठवड्यात रियाधहून फैसलनं फोनवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं. आमचा फसलेला द्रुत भाग, एकही चूक नाही, गरजेपेक्षा जरा जास्तच वेगात. शेवटची तार अजून घुमत होती, तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, चक्क मराठीत: "झालं ना? ठेव तो ऊद आता, पानं वाढली आहेत."