जहाजावरचा नवरा

दोडामार्गाला आईने मला आणि लेकीला एसटीत बसवलं तेव्हा लेक चार वर्षांची होती. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली होती. आई म्हणाली, “पंधरा दिवसांत परत येशीत. एकट्या बायलेक कोण जागा देतलो?” मी परत गेले नाही, पण जागेचं तिने खरं सांगितलं होतं.

डिचोलीला खाणीवर काम पहिल्याच दिवशी मिळालं. खोली मिळेना. टोपल्या उचलायला बाई चालते, राहायला चालत नाही. दारात उभी राहिले की एकच सवाल, “घोव खंय?” नवरा नाही म्हटलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. एक जण तर म्हणाला, “तू बरी आसशी गो, पूण तुज्याकडेन कोण येतलो तें आमी कशें सांगपाचें?” कोण येणार होतं माझ्याकडे? दिवसभर लाल माती खाऊन संध्याकाळी पाय ओढत यायची मी.

शेवटी खाणीवरच्या शेवंतीने शिकवलं, “घोव तारवार आसा म्हण.” गोव्यात जहाजावर गेलेला नवरा पाच वर्षं आला नाही तरी बायकोला कुणी नावं ठेवत नाही. मी तसं म्हटलं. खोली मिळाली, वर चहा-पाव मिळाला. तीन वर्षं त्या माणसाला मी समुद्रावर ठेवलं. चवथीला रजा नाही, शिगम्याला जहाज लांब. घरमालकीण परदेशी साबणासाठी म्हणायची, “येतना म्हाका एक बरो साबू हाडूंक सांग गो.” मग लेकसुद्धा शाळेत बापाच्या जहाजाच्या गोष्टी सांगायला लागली. ते मला सोसवेना. मी घरमालकिणीला खरं सांगून टाकलं.

तिने कपाळाला हात लावला. “मागीर म्हाका सांगलें कित्याक गो? गप्प रावल्यार दोगींचेंय चलतालें.” आता कळल्यावर ठेवता येत नाही म्हणत महिनाअखेरीस खोली सोडायला लावली.

पुढे कारापूरला दोन खोल्या बांधल्या. अर्धं आयुष्य गेलं त्यात. आता लेक म्हापशाला नर्स आहे. घटस्फोट झालाय, पदरी एक मुलगी. तिथेच भाड्याने खोली शोधतेय. पगार चांगला, तरी एजंट फोनवर म्हणाला, “मॅडम, मालकाला फॅमिली हवी.” मी तिच्या हातातला फोन ओढून घेतला. “आई आणि मुलगी म्हणजे काय रे, शेजारी?” त्याने फोन ठेवला.

गावची माणसं अजून विचारतात, तुझं घर कुठलं. ज्या दारात कुणी पुरुषाची चौकशी करत नाही, ते माझं घर. असं एकच मला ठाऊक आहे, ते मीच बांधलेलं. तिथे लेकीला जागा आहे. पण तिची ड्यूटी पहाटे म्हापशात सुरू होते, आणि तेवढ्या लवकर कारापूरहून बस नाही.