निलगिरीचा ओला दांडा

लाकडाला गाल लावून त्याच्याशी बोलणारी बाई अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच असेल, आणि ती माझी आत्या आहे. बोथच्या आठवडी बाजारात ती कुऱ्हाडीचे, कुदळीचे, फावड्याचे दांडे विकते, आणि तेही फक्त निलगिरीचे. बाजारातले तेलुगू लोक या झाडाला जामाईल म्हणतात. ते कागदाच्या कारखान्यात जातं, नाहीतर स्लॅबखाली टेकू म्हणून उभं राहतं, एवढीच त्याची लायकी असं सगळे धरून चालतात. आत्याला ही निलगिरीची बदनामी वाटते. आमच्याकडे सागवानाचा मान मोठा, पण तिच्यासमोर सागवानाचं नाव काढायची सोय नाही. "सागवान सरकारचा जावई हाय. हात लावला की चौकशी. निलगिरी घरची सून. बांधावर वाढते, जड काम करते, आन् नाव कोनी घेत नाही." एका लग्नात नवरीला दिलेल्या पलंगाखाली ती वाकली, पाय ठोकून पाहिले आणि सासूला आनंदानं म्हणाली, "पाय निलगिरीचे हायेत, आता पलंग टिकते." मुलीकडच्यांनी सगळा पलंग सागवानी म्हणून सांगितला होता. त्या घरचं बोलावणं आम्हाला पुन्हा आलं नाही.

दांडा विकण्याआधी ती गिऱ्हाइकाचा पंजा हातात घेते, बोटं मिटायला लावते आणि त्या मुठीला बसेल तोच दांडा देते. एकदा कुठल्याशा कार्यालयातले साहेब बंगल्यातल्या बागेसाठी कुदळीचा दांडा घ्यायला आले. आत्यानं त्यांचा तळहात दाबून पाहिला आणि काळजीनं म्हणाली, "साहेब, तुमी झारी घ्या." दांडा तिनं दिलाच नाही.

निलगिरीचं लाकूड हट्टी असतं, हे मी तिच्याकडूनच शिकलो. ओलं असताना ते मुकाट्यानं तासून घेतं; एकदा वाळलं की खिळा वाकेल, पण आत जाणार नाही. उन्हात टाकलं तर टोकाकडून तडकतं, घाई केली तर पिळवटतं. म्हणून आत्या टोकांना शेणमाती लिंपून ते गोठ्याच्या सावलीत दगडांखाली ठेवते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्याशिवाय त्याला हात लावू देत नाही. मग एकेक तुकडा गालाला लावून पाहते. थंड लागला तर आत ओल आहे, परत ढिगात. कोमट लागला तर सुताराच्या वाकसानं तासायचा, काचेच्या तुकड्यानं घासायचा आणि जवसाचं तेल पाजायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळ्यांना काहीतरी सांगायची खोड लागली होती. लाकडातली ओल मोजायचं यंत्र मिळतं, असं मी तिला सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवून विचारलं, "त्याले गाल हाय का?"

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिला ताप आला आणि बाजारात मी बसलो. वाळलेले दांडे सातच होते. शिकलेला माणूस धंदाही करू शकतो, हे मला तिला दाखवायचं होतं. म्हणून आदल्या दिवशी मी ओल्या ढिगातले चार तुकडे तासले, त्यांना तेल लावलं आणि ते त्या सातांत मिसळले. तेल लावल्यावर सगळे सारखेच दिसतात. त्या चारांतला एकच विकला गेला. लिहायला जड जातं, पण त्या शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी मी तो गालाला लावून पाहिला होता. तो थंड होता, आणि तरी मी दिला.

संक्रांतीला घरी आलो तेव्हा आत्याबरोबर बाजारात गेलो होतो. तो शेतकरी पायाला पट्टी बांधून आला. दांडा वाळून आकसला होता, कुऱ्हाडीचं पातं निसटून नडगीवर बसलं होतं. त्यानं दांडा आत्यासमोर ठेवला.

"मावशी, तुमच्या नावावर घेतला होता."

आत्यानं दांडा उलटसुलट करून पाहिला. तिच्या वाकसाचे घाव सरळ पडतात, माझे तिरपे. ते घाव तिनं अंगठ्यानं चाचपले. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"माझाच हात चुकला, दादा. वय झालं आता," ती म्हणाली, आणि नवा दांडा निवडायला लागली.

मी गठ्ठ्याची दोरी सोडत होतो, ती सुटलेलीच होती. शेजारच्या दोरवाल्यानं ऐकलं, आणि मावशीचे हात थकले ही गोष्ट बाजारभर झाली. पुढे मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा लोक तिचे दांडे दगडावर ठोकून पाहताना दिसले; वाळलेला टणकन वाजतो, ओला बद्द. ती शेजारी उभी राहून ठोकू द्यायची.

मागच्या महिन्यात तो शेतकरी पुन्हा आला आणि त्यानंही तीन दांडे ठोकले. मग मात्र मला राहवेना.

"काका, तो दांडा मी तासला होता. ओला होता. मला माहीत होतं."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. "मंग त्या दिवशी काऊन नाही बोलला रे?"



तो गेल्यावर आत्या माझ्यावर उखडली. "तुले कोनी विचारलं होतं, बाबू? भर बाजारात मी एक गोष्ट बोलली, आन् तू मले खोटी पाडून राह्यला." दुपारी भाकरी मात्र अर्धी मोडून माझ्या पुढ्यात ठेवली.

आता सगळ्यांना खरं कळलं आहे. लोकांनी दांडे ठोकून पाहणं सोडलं. आत्याला मात्र ते सुटलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ती स्वतःच प्रत्येक दांडा दगडावर दोनदा ठोकते. "राहू द्या मावशी, विश्वास हाय आमचा," लोक म्हणतात. "आयका तर खरं," ती म्हणते, आणि पुन्हा ठोकते. सुट्टीत गेलो की मी तिच्या शेजारी बसून ऐकतो.