भावोजींचा आउटर अप्लाय

सोपं काम आधी अवघड करून मग सोडवण्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भावोजींचा, हात धरणारा माणूस अख्ख्या काशीत सापडणार नाही. बँकेचा डेटाबेस सांभाळता सांभाळता त्यांना जगच तक्त्यांचं दिसू लागलं. भाजीला पाठवलं की पिशवी घेऊन दारातच समजावतात, "डावीकडे आपल्या भाज्या. प्रत्येक भाजीचं नाव फंक्शनला, म्हणजे शोधून देणाऱ्या सूत्राला, द्यायचं, की ती कुठल्या कुठल्या ठेल्यावर आहे त्याचा तक्ता परत येतो. तो उजवीकडे जोडायचा. हा क्रॉस अप्लाय. जिचा तक्ता रिकामा, ती ओळच गळते."

"म्हणून काल कोथिंबीर आली नाही होय!" ताई आतून म्हणते.

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गणेशोत्सवाची कामं मी वाटते. गेल्या वर्षी आरतीच्या पाळ्या लावायचं काम भावोजींनी मागून घेतलं. डावीकडे घरं, आणि प्रत्येक घरातली आरती म्हणणारी माणसं फंक्शन देणार. यादी लागली त्याच संध्याकाळी गल्लीतल्या मावशी माझ्या दारात उभ्या. जन्मभर गाणं शिकवलेल्या, एकट्या राहणाऱ्या. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेलेला. "माझं घर काढलंत?" त्या कशाबशा कुजबुजल्या.

मी त्यांना थेट मंडळाच्या बैठकीत नेलं. भावोजींनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "अहो, त्या म्हणणार काय? जाने दीजिए."

"नाही," भावोजी उठलेच. "चूक माझी आहे. उजवीकडे काही आलं नाही म्हणून डावीकडचं घर पुसायचं नसतं. आउटर अप्लाय लावतो. जागा कोरी राहील, पण घर राहील."

"कोरी पाळी? लोक हसतील."

"हसू देत. पाळी मावशींचीच."

आमच्याकडे पाळीच्या घरानं पहिली ओळ उचलायची, मग बाकीच्यांनी. आपल्या पाळीच्या दिवशी मावशींनी तबक हातात घेतलं. कुणी घाई करू नये म्हणून भावोजी सगळ्यांकडे डोळे वटारून उभे. मावशींचे ओठ हलले. ती पूर्ण ओळ आम्ही नुसती पाहिली आणि मग एकदम सुरुवात केली, जो तो आपापल्या पट्टीत. मावशींनी कपाळाला अशी आठी घातली, की अध्यक्षांनीसुद्धा सूर खाली आणला.

नंतर भावोजी त्यांना घरी सोडायला गेले. गल्लीभर ते डावं-उजवं समजावत होते आणि मावशी मध्येच थांबून त्यांच्या कानाशी काहीतरी विचारत होत्या. मावशींशी इतका वेळ कुणी बोललं त्याला किती दिवस झाले असतील, कोण जाणे.