उष्टा ऑब्जेक्ट

परभणीच्या आमच्या ऑफिसात माठावर सगळ्यांचा एकच पेला असतो. माझा कोड तपासणारा सीनियर मात्र घरून स्वतःचा आणतो, पाणी पितो आणि पुसून परत बॅगेत ठेवतो. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. माझा कोड वाचताना तो मान न वळवता एवढंच विचारतो, "उष्टं न्हाई ना?"

मला या प्रश्नाची धास्तीच वाटते. परवा त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पेशंटचा ऑब्जेक्ट, म्हंजे त्याची माहिती भरायचं भांडं, तयार फ्रेमवर्क आणून देतंय, पण दर पेशंटला नवा द्यायचा का तोच फिरवायचा, हे आपण सांगायचं असतंय. इथं सगळ्यायला एकच ठेवलाय. दोघं एकदम आले, की याचं रक्त त्याच्या नावावर."

"पण हे तर सगळ्या लॅबमध्ये चालू आहे," मी म्हणालो.

मोबाइलवर त्याने आईचा रिपोर्ट उघडला. जिंतूरच्या लॅबचा, आमच्याच सॉफ्टवेअरमधून निघालेला. सगळं नॉर्मल होतं. त्याच आनंदाचे पेढे आम्ही सोमवारी खाल्ले होते.

"हे रक्त आईचंच हाय का रे?"

तो उठला आणि माठावरचाच पेला भरून घटाघटा प्यायला.